बोरूचं टिंब

माझे बाबा पेंटर होते असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर कॅनव्हास येतो, नाहीतर शिडी. बाबांचं काम या दोन्हींच्या मधलं. ते बसवर लागणारे पत्रे रंगवायचे. मुंबईच्या लाल बसच्या अंगावरची साबणाची, चहाची, पंख्यांची जाहिरात एकेकाळी हातानं रंगवलेली असायची, हे आता समजावून सांगावं लागतं. परवा ऑफिसमधल्या एका इंटर्नला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे स्टिकर ना?" नाही रे बाळा. स्टिकर नंतर आले. तीच तर गोष्ट आहे.

लालबागला एका गाळ्यात त्यांचं काम चालायचं. भिंतीला पत्रे ओळीनं टेकवलेले. पत्र्याला आधी पांढऱ्याचे दोन हात, मग खडू लावलेली दोरी ताणून मारलेल्या रेघा, मग पेन्सिल, मग इनॅमल. चेहरे करणारा पेंटर वेगळा, अक्षरं करणारा वेगळा. चेहरेवाल्याला मान जास्त आणि पैसेही जास्त. बाबा अक्षरांचे. एजन्सीकडून मूळ चित्र यायचं हातभर कागदावर, ते ग्राफ मारून पत्र्याएवढं करायचं. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि तिथेच टर्पेंटाईनच्या वासात बसून गृहपाठ करायचे. त्या वासानं मला अजूनही भूक लागते.

"बस म्हणजे भिंत नाही," बाबा म्हणायचे. "भिंतीसमोर माणूस उभा राहून वाचतो. बससमोर उभा राहिला तर मरतो." म्हणून शब्द चार, फार तर पाच. अक्षराच्या पोटातली पोकळी मोठी ठेवायची, नाहीतर लांबून 'घ' आणि 'ध' एकच दिसतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळी घरी येताना ते मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि आपलीच बस जाताना बघायचे. वाचता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी गाळ्यावर चिडचिड.

मग फ्लेक्स आला, त्यामागून व्हिनाईल आलं आणि २००१च्या सुमारास गाळा बंद झाला. बाबा एका नंबरप्लेटच्या दुकानात लागले. तिथेही दोनेक वर्षांत रेडियम आलं. "मी जिथे जातो तिथे माझ्या मागून मशीन येतं," असं ते हसत सांगायचे. आई हसायची नाही.

आणि मी काय केलं, तर अप्लाईड आर्ट शिकले. २०१३ साली एका एजन्सीत लागले आणि माझं पहिलं मोठं काम होतं अख्खी बस गुंडाळण्याचं. खिडक्यांसकट. खिडकीवर बारीक भोकांची फिल्म लावतात, बाहेरून चित्र सलग दिसतं. एका मोबाईल कंपनीची जाहिरात होती. कौतुकानं बाबांना घेऊन मी स्टॉपवर उभी राहिले. पाऊण तासानं बस आली, थांबली, गेली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रंग छान आलाय. आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं का गं?"

मला राग आला होता. पंधरा दिवसांनी तीच बस पुन्हा दिसली तेव्हा एका खिडकीची फिल्म कोपऱ्यातून सोललेली होती आणि त्या तिकोनी भोकातून एक बाई बाहेर बघत होती. तेव्हा तर जास्तच राग आला.

*

२०१८ साली मी वर्षभरासाठी लंडनला शिकायला गेले. राहायला ईस्ट हॅममध्ये, डिस्ट्रिक्ट लाईनवर. पैसे मोजून मापून. कॉव्हेंट गार्डनच्या जुन्या फूलबाजाराच्या इमारतीत लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, तिथलं तिकीट एकदा काढलं की वर्षभर कितीही वेळा जाता येतं हे कळलं आणि माझ्यातली मध्यमवर्गीय बाई जागी झाली. मी ते तिकीट पुरेपूर वसूल केलं. थंडी असली की म्युझियम, घरची आठवण आली की म्युझियम. त्यांच्या संग्रहात पाच हजारांहून जास्त पोस्टरं आहेत. त्यातली जी मांडलेली असतील ती बघायची, एकेकाचा फोटो काढायचा आणि बाबांना व्हॉट्सॅप करायचा. (फोटो काढायला बंदी असेल म्हणून पहिल्या दिवशी मी चोरासारखी काढत होते. नव्हती.)

या पोस्टरांची गोष्ट सुरू होते रिकाम्या डब्यांपासून. १९०६-०७मध्ये लंडनच्या पोटातून तीन नव्या ट्यूब लाईनी सुरू झाल्या. प्रचंड पैसा ओतला होता आणि अंदाजाच्या मानानं माणसंच येईनात. कंपनी बुडायला आली. तिथे फ्रँक पिक नावाचा एक तरुण होता, शिक्षणानं वकील, चित्रकलेचं शिक्षण शून्य. कंपनीच्या जाहिराती कशा वाईट आहेत याबद्दल तो सारखी कुरकुर करायचा. १९०८मध्ये वरिष्ठांनी ते खातं त्याच्याच गळ्यात मारलं. कर आता.

पिकनं पहिल्यांदा भिंती साफ केल्या. तेव्हा स्टेशनात जागा मिळेल तिथे साबण, औषधं, मोहरी यांच्या जाहिराती असायच्या आणि त्या गर्दीत स्टेशनचं नाव सापडायचं नाही. लोकांचं उतरायचं राहून जायचं. त्यानं बाहेरच्या जाहिरातींना ठरावीक चौकटी आखून दिल्या, कंपनीच्या स्वतःच्या पोस्टरांना वेगळी जागा दिली आणि स्टेशनच्या नावामागे लाल तबकडी लावली. निळी पट्टी, मागे भरीव लाल गोल. आज टी-शर्टवर आणि कपांवर विकलं जातं ते चिन्ह मुळात जाहिरातींच्या गदारोळात नाव दिसावं म्हणून केलेली सोय होती.

दुसरं म्हणजे, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीची त्याला चिंता नव्हती. ऑफिसला जाणारा माणूस झक मारत येणारच. रिकामे जायचे ते दुपारचे आणि रविवारचे डबे. म्हणून पोस्टरात गाडीच नाही. क्यूच्या बागेतली फुलं, नदीकाठ, जंगल, प्राणिसंग्रहालय, संध्याकाळचं नाटक. 'आमच्या गाडीनं या' असं न म्हणता 'तिकडे निळी फुलं आलीत' एवढंच सांगायचं. बाकीचं माणूस आपोआप करतो.

मी हे वाचून स्वतःशीच हसले, कारण माझं तेच झालं होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, खोलीत बसून रडायच्या बेतात असताना, मी १९२०च्या दशकातल्या एका पोस्टरातलं जंगल आठवून एपिंगला गेले. नव्वद वर्षांनीही पिकनं एक रिकामी सीट भरली.

बाबांचा मात्र पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. "साईज काय?" पंचवीस इंच बाय चाळीस, मी कळवलं. "लहान आहे." मग दहा मिनिटांनी: "फलाटावर लावायचं ना, मग बरोबर. माणूस तिथे थांबलेला असतो." आणि मग अंगठा.

पुढच्या आठवड्यात मी एडवर्ड जॉन्स्टनच्या अक्षरांचा फोटो पाठवला. हे तुम्हाला थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्यासाठी सगळं प्रकरण इथे फिरलं. पिकला सगळ्या फलकांवर, पोस्टरांवर एकच अक्षर हवं होतं, फक्त आपल्या कंपनीचं. १९१३मध्ये तो जॉन्स्टनकडे गेला. जॉन्स्टन टाईप बनवणारा माणूसच नव्हता. तो सुलेखनकार. सपाट टोकाच्या लेखणीनं जुन्या हस्तलिखितांसारखं लिहायचा आणि शिकवायचा. १९१६मध्ये त्यानं दिलेली अक्षरं अगदी साधी, एकसारख्या जाडीची, कुठे नक्षी नाही. 'ओ' म्हणजे नेमकं वर्तुळ. थोड्याफार दुरुस्तीनंतर, त्यातली मोठी १९७९च्या सुमाराची एइची कोनो या जपानी डिझायनरच्या हातची, लंडनमध्ये आजही तीच चालतात.

या सगळ्या साधेपणात एकच खोडी आहे. स्मॉल 'आय' आणि 'जे'वरचं टिंब गोल नाही. ते टोकावर उभं केलेल्या चौकोनासारखं आहे, पत्त्यातल्या चौकटसारखं. इंग्रजी पुस्तकांमध्ये या टिंबाचं फार कौतुक असतं. मी फोटो पाठवला, वर काहीच लिहिलं नाही.

रात्री उत्तर आलं. "हे तर बोरूचं टिंब."

मी खोलीत उभीच राहिले. अर्थात. बोरू तिरका कापलेला असतो. तो कागदावर टेकवून जरा ओढला की गोल कधीच उमटत नाही, चौकटच उमटते. जुन्या पोथीतला कुठलाही अनुस्वार बघा. जॉन्स्टनची लेखणी आणि आपला बोरू, दोघांचं टोक एकाच जातीचं. सगळी अक्षरं कंपास-पट्टीनं शिस्तीत आणली, पण टिंबावर आला तेव्हा त्या माणसाचा हात लेखणीचाच राहिला. मी पंधरा दिवस ग्रंथालयात बसून जे शोधत होते ते नंबरप्लेटच्या दुकानातून रिटायर झालेल्या माणसानं फोनच्या पडद्यावर, चष्मा कपाळावर सरकवून, ओळखलं होतं.

त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं की यांना हे सगळं दाखवायला आणायला हवं होतं. नंतर विमानाचं तिकीट पाहिलं.

*

मग रोज एक असा रतीबच सुरू झाला. एडवर्ड मॅकनाईट कॉफर बाबांना आवडला. अमेरिकेतून आलेला हा माणूस, १९१५मध्ये पिकनं त्याला पहिलं काम दिलं आणि पुढे त्यानं शंभराहून जास्त पोस्टरं केली. पॅरिसच्या चित्रकारांनी केलेली तोडमोड ज्यांना गॅलरीत बघायला जमलं नसतं, त्यांनी ती कामावर जाताना बघितली. १९३०च्या एका पोस्टरात वीजघराची ताकद दाखवायला त्यानं चाकातून निघालेली मूठ काढली आहे. बाबा म्हणाले, "चेहरेवाला असून अक्षर कळतं याला." ही त्यांची सगळ्यात मोठी पदवी.

मोहोली-नॉज बाउहाउसमधला मोठा माणूस. १९३७चं त्याचं एक पोस्टर गाडीच्या आपोआप मिटणाऱ्या दारांविषयी आहे, हवेच्या दाबानं दारं मिटतात म्हणून गाडी लवकर सुटते वगैरे. त्यावर बाबांचं उत्तर, "दार मिटतं याची जाहिरात?" मी हिशेब केला. मुंबईत दारं मिटणारी पहिली एसी लोकल धावली २५ डिसेंबर २०१७ला, मी इकडे यायच्या वर्षभर आधी. ऐंशी वर्षं. मॅन रे यानं १९३८मध्ये त्या लाल तबकडीचा शनी ग्रह केला, कडी घातलेला, अवकाशात तरंगणारा. तो बाबांना अजिबात आवडला नाही. "कळत नाही." मला तो सगळ्यात जास्त आवडतो. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

सगळंच गोड नव्हतं. १९२४मध्ये वेम्बलीला ब्रिटिश एम्पायर एक्झिबिशन भरलं, त्याचीही सुंदर पोस्टरं या भिंतींवर लागली. तिथे हिंदुस्थानचाही मंडप होता. म्हणजे क्यूची फुलं, प्राणिसंग्रहालय आणि आपण, सगळे एकाच यादीत: रविवारी बघायला जायच्या गोष्टी. त्या पोस्टरांसमोर मी फार थांबले नाही. रंगसंगती उत्तम आहे, एवढं नोंदवते.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती कलेच्या दृष्टीनं अगदी सामान्य अशा एका चित्रासमोर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या धक्क्यानं काचा उडू नयेत म्हणून गाड्यांच्या खिडक्यांना आतून जाळीचं कापड चिकटवलेलं असायचं. बाहेरचं काही दिसायचं नाही, म्हणून लोक ते कोपऱ्यातून सोलायचे. त्यांना समज द्यायला डेव्हिड लँग्डन या व्यंगचित्रकारानं 'बिली ब्राऊन' नावाचा एक शहाणा गृहस्थ उभा केला. टाय, टोपी आणि तोंडात उपदेश, तोही यमकात: ते कापड तुमच्याच रक्षणासाठी आहे, काढू नका. लोकांनी त्याखाली यमकातच उत्तर खरडलं: माहितीबद्दल आभार, पण आमचं स्टेशन दिसत नाही त्याचं काय!

मला माझी बस आठवली. सोललेली फिल्म. तिकोनी भोक, त्यातली बाई. तिच्याकडे बॉम्बपासून रक्षणाचंही कारण नव्हतं, फक्त मी होते आणि माझा मोबाईलवाला क्लायंट. आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं का, हा प्रश्न बाबांनी पाच वर्षांपूर्वी विचारला होता. मी तो टोमणा समजले होते. तो साधा प्रश्न होता.

त्या दिवशी फोटो पाठवला नाही. फोन केला. बोललो मात्र भलत्याच विषयावर, आईच्या गुडघ्याबद्दल.

*

पिकनं 'सर' पदवी नाकारली होती. १९४०मध्ये तो बाहेर पडला, १९४१मध्ये गेला. नंतरही चांगली पोस्टरं झाली, पण हळूहळू भिंतींचं भाडं महत्त्वाचं झालं. आज ट्यूबमध्ये उभं राहिलात तर बहुतेक फोन, विमा, डेटिंग ॲप. आमच्यासारखंच. मी तिथे असताना, २०१९च्या फेब्रुवारीत, जंक फूडच्या जाहिरातींवर बंदी आली, तेव्हा माझ्या वर्गात दोन तास भांडण झालं. भिंत कुणाची, हा पिकच्या वेळचा प्रश्न अजून तसाच आहे. १९८६पासून डब्यांत जाहिरातींच्या चौकटींमध्ये कविता लावतात. गर्दीत कुणाच्या तरी काखेखालून मी त्यातल्या कित्येक वाचल्या आहेत.

परत यायच्या आधी मी बाबांना नॉटिंग हिल गेट स्टेशनची गोष्ट सांगितली. तिथे १९५०च्या दशकात जुन्या लिफ्ट बंद करून सरकते जिने केले आणि लिफ्टकडे जाणारी वाट भिंत घालून मिटवली. २०१०मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती सापडली. आत १९५६ ते १९५९ची पोस्टरं भिंतीवर जशीच्या तशी होती, अर्धशतकभर कुणी न बघितलेली.

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "आमचे पत्रे नाही सापडायचे."

कारण विचारलं तर त्यांनी सांगितलं. जाहिरातीची मुदत संपली की पत्रा गाळ्यावर परत यायचा, त्याला पुन्हा पांढऱ्याचे दोन हात आणि वर नवी जाहिरात. एकेका पत्र्यावर सात-आठ जाहिराती एकीवर एक. पंख्याखाली चहा, चहाखाली साबण. फारच गंजला की भंगारात. सही करायची पद्धत नव्हती, जागाही नव्हती. "सही केली असती तर पुढच्या महिन्यात मीच पुसली असती."

म्युझियममधल्या पोस्टरांवर कलाकाराचं नाव असतं, खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं. पण मूळ चित्र पाहून ते दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हातानं उतरवणारे कारागीर असायचे, कॉफरचा रंग कॉफरसारखाच यावा म्हणून रात्री जागणारे, त्यांतल्या बहुतेकांचं नाव त्याच्यावर नाही. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. "म्हणजे तिकडेही अक्षरवाले होतेच," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर मी ती नोकरी सोडली. फार मोठं काही केलेलं नाही, एका छोट्या स्टुडिओत दिशादर्शक फलकांचं काम करते. रुग्णालयं, ग्रंथालयं. पगार कमी झाला. पहिला नमुना झाला की तो आम्ही घरी दाराला टेकवतो आणि बाबा जिन्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात.

आणि रविवारी दुपारी आमचा एक उद्योग असतो. टीव्हीवर यूट्यूब लावायचं आणि १९८०च्या दशकातल्या हिंदी सिनेमांमधली मुंबईची दृश्यं बघायची. हिरो टॅक्सीमागे धावतोय, हिरॉईन स्टॉपवर रुसून उभी आहे, आणि मागून एक डबलडेकर जाते. जेमतेम दोन सेकंद. तिच्या अंगावर पत्रा असतो. रिमोट माझ्याकडे.

"थांब."

मी थांबवते. चित्र फाटलेलं, रंग उडालेले, एका पंख्याच्या जाहिरातीची अर्धी ओळ. बाबा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जातात, मग मागे मागे येत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

"माझं नाही," ते म्हणतात. "माझ्या 'ख'ची गाठ अशी नसायची. पण चांगलं आहे. परळच्या बाजूचं कुणीतरी असणार."

मग येऊन बसतात.

"घे पुढे."